जळालेले दप्तर, वाचलेल्या वह्या

९ ऑक्टोबर १८७१ च्या पहाटे दोनच्या सुमारास शिकागोच्या कोर्टहाउसचा लाकडी मनोरा कोसळला आणि त्यातली सुमारे पाच टनांची घंटा खाली आली. सहा वर्षांपूर्वी याच इमारतीत अब्राहम लिंकन यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवले होते. तळघरातल्या तुरुंगातले कैदी काही वेळापूर्वीच सोडून दिले होते. आत उरले होते ते कुक काउंटीचे दप्तर. १८३१ साली काउंटी स्थापन झाली, तेव्हापासून नोंदलेली खरेदीखते, गहाणखते, भूखंडांचे नकाशे, कोर्टाचे हुकूमनामे, मृत्युपत्रे, सगळे तिथे होते. या इमारतीला आग काही करू शकणार नाही, अशी शहराची समजूत होती. सकाळी त्या दप्तराच्या जागी राख होती.

आग आदल्या रात्री, रविवारी नऊच्या सुमारास, डीकोव्हन स्ट्रीटवरच्या एका गोठ्यात लागली होती. मंगळवारी पहाटे पाऊस आला तेव्हा ती विझली. तोवर २,००० एकरांहून अधिक भाग बेचिराख झाला होता. सुमारे ३०० माणसे गेली, १७,००० वर इमारती पडल्या आणि ३ लाखांच्या शहरातले १ लाख लोक उघड्यावर आले. नुकसानीचा अंदाज २० कोटी डॉलरच्या आसपास होता.

घरे पुन्हा बांधता येणार होती. पण ज्या जमिनीवर ती बांधायची, ती जमीन कोणाची हे आता कोण सांगणार?

हा प्रश्न किती अवघड होता हे कळायला अमेरिकेतली दस्तनोंदणी कशी चालते, ते आधी पाहायला हवे. इंग्लंडमध्ये त्या काळी जमिनीचे कागद मालकाच्या पेटीत नाहीतर वकिलाच्या कपाटात असत. मिडलसेक्स आणि यॉर्कशायर अशा मोजक्या भागांत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदणी कार्यालये निघाली, बाकी देशात खरेदीविक्री हा दोघांमधला खासगी मामला होता. अटलांटिक ओलांडून आलेल्या वसाहतवाल्यांनी वेगळी वाट धरली. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६४० मध्येच कायदा केला, की जमीन विकली किंवा गहाण टाकली तर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, मिळकत आणि तारीख सार्वजनिक वहीत चढली पाहिजे. नव्या मुलुखात शेजारी अनोळखी होते, जमीन भराभर हात बदलत होती. एकच तुकडा दोघांना विकणारा महाभाग गाठायचा, तर सगळ्यांना उघडून पाहता येईल अशी वही हवी होती.

हीच पद्धत पुढे काउंटी-काउंटीत पोहोचली. खरेदीखतावर सही व्हायची, अधिकाऱ्यासमोर ती कबूल केली जायची आणि मग खत रेकॉर्डरच्या कार्यालयात दाखल व्हायचे. तिथे त्यावर तारीख आणि वेळ पडायची. कारकून हाताने अख्खे खत जाड बांधणीच्या वहीत उतरवून घ्यायचा, खंड आणि पान क्रमांक टाकायचा आणि मूळ खत मालकाला परत करायचा. विकणारा आणि घेणारा यांच्यापुरते खत नोंदणीआधीही खरेच असे. पण तिसऱ्या माणसाला, म्हणजे पुढच्या खरेदीदाराला किंवा सावकाराला ते बांधायचे कधीपासून? इलिनॉयच्या कायद्याचे उत्तर स्पष्ट होते: दाखल झाल्याच्या क्षणापासून. त्यामुळे एकाच भूखंडाची दोन खते निघाली आणि दुसऱ्या खरेदीदाराला पहिल्या व्यवहाराची खबर नसताना त्याने आधी दप्तर गाठले, तर जमीन त्याची ठरायची.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. एल्फिन्स्टन यांच्या १८२७ च्या संहितेत मुंबई इलाख्यासाठी दस्तनोंदणीचे रेग्युलेशन होते आणि आजचा नोंदणी कायदा १९०८ चा आहे. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे नीट ध्यानात घ्यावी लागते. नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. दुय्यम निबंधक काय किंवा काउंटी रेकॉर्डर काय, समोर आलेला कागद रीतसर आहे ना एवढे पाहतो. विकणाऱ्याला ती मिळकत विकायचा हक्क होता की नाही, हे तो ठरवत नाही. ते शोधायचे काम खरेदीदाराचे. त्यासाठी आपल्याकडे वकील तीस वर्षांचा सर्च घेतो, मागची सगळी खते एकामागून एक लावून साखळी जुळते का ते पाहतो. शिकागोतही तेच करावे लागे आणि तिथली साखळी फार लवकर फार लांब झाली होती.

१८३० साली शिकागो म्हणजे लष्करी ठाण्याशेजारची मूठभर घरांची वस्ती होती. त्या वर्षी ४ ऑगस्टला जेम्स थॉम्पसन या मोजणीदाराने नदीकाठचा पहिला नकाशा दाखल केला. जमीन मोजायची रीत १७८५ च्या अध्यादेशाने ठरवून दिलेली होती. सहा मैल लांब-रुंद चौकोनाची एक टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. थॉम्पसनने आखले ते सेक्शन ९. प्रस्तावित कालव्याच्या खर्चासाठी काँग्रेसने राज्याला दिलेल्या जमिनीतला हा तुकडा. पुढच्या वर्षी कुक काउंटी झाली आणि रिचर्ड हॅमिल्टन तिचे पहिले रेकॉर्डर झाले. वस्ती इतकी लहान होती, की काउंटीची आणखी बरीच पदेही त्यांच्याकडेच होती.

त्या वह्यांतल्या पहिल्या पानांच्याही मागे एक व्यवहार होता. १८१६ च्या आणि १८३३ च्या तहांनी पोटावाटोमी आणि त्यांच्या सोबतच्या मूळ जमातींकडून हा मुलूख अमेरिकी सरकारने घेतला. १८३३ च्या शिकागो तहात सुटलेली जमीन सुमारे ५० लाख एकर होती आणि तहानंतर त्या लोकांना मिसिसिपीच्या पलीकडे जावे लागले. शिकागोतल्या कोणत्याही भूखंडाची साखळी मागे नेली तर ती अशाच एखाद्या तहापाशी येऊन थांबते. ज्यांच्याकडून जमीन घेतली त्यांना जायला भाग पाडणारा हा व्यवहार न्याय्य नव्हता, हे इथे म्हटलेच पाहिजे. काउंटीच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता.

तहानंतर दोन वर्षांत शिकागोत सरकारी जमीन कार्यालय उघडले आणि सट्टा भडकला. इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनो १८३६ मध्ये तिथे गेल्या, तेव्हा रस्ते जमिनीच्या दलालांनी गजबजलेले त्यांनी पाहिले. लाल पोशाखातला, हाती लाल निशाण घेतलेला एक कृष्णवर्णीय घोडेस्वार पांढऱ्या घोड्यावरून गावभर फिरून लिलावाच्या वेळा पुकारत होता. कागदावर आखलेले भूखंड सकाळ-संध्याकाळ हात बदलत होते. १८३७ च्या मंदीत सगळे कोसळले. गहाणे बुडाली, जप्त्या झाल्या, हुकूमनामे निघाले आणि त्या सगळ्याचे कागद काउंटीच्या वह्यांत जाऊन बसले. १८४० साली ४,४७० वस्ती असलेले हे गाव तीस वर्षांत २,९८,९७७ वर गेले. जमिनीचा एकेक तुकडा चार-पाच वेळा विकला गेला, कापला गेला, वारसांत वाटला गेला.

अशा ढिगाऱ्यात शोध घ्यायचा कसा? काउंटीच्या सूच्या नावांवर लावलेल्या होत्या, एक विकणाऱ्यांची, दुसरी घेणाऱ्यांची. ‘स्मिथ’ने काय काय विकले ते सापडायचे. पण अमुक भूखंडाचे आजवर काय काय झाले, हे एकत्र कुठेच नव्हते. १८४७ मध्ये एडवर्ड रकर या तरुण कारकुनाने यावर उपाय काढला. नाव बाजूला ठेवून त्याने भूखंड धरला. प्रत्येक भूखंडाला वहीत आपले पान आणि त्यावर त्या भूखंडाचा प्रत्येक दस्त क्रमाने. आपल्या नोंदणी कायद्यात इंडेक्स एक माणसांच्या नावांची आणि इंडेक्स दोन मिळकतींची, अशा दोन्ही सूच्या सरकारनेच ठेवायच्या असतात. घर घेताना आपण ज्या ‘इंडेक्स टू’साठी खेटे घालतो, त्याच जातीची गोष्ट शिकागोत एका खासगी माणसाने उभी केली होती.

त्यातून एक धंदा उभा राहिला. एखाद्या मिळकतीचा सुरुवातीपासूनचा गोषवारा करून द्यायचा आणि फी घ्यायची. अशा पेढ्यांचे कारकून रोज रेकॉर्डरकडे जाऊन नव्या दस्तांचे टाचण करत. कोणी दिले, कोणी घेतले, कोणता भूखंड, रक्कम किती, तारीख काय. परत आले की ते टाचण भूखंडाच्या पानावर चढे. कोर्टाचे निवाडे, कराच्या थकबाकीपायी झालेले लिलाव हेही त्यात येई. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरणारे नव्हते. वर्षानुवर्षे, रोज, न चुकता करायचे एवढेच त्याचे कौशल्य. १८७१ मध्ये शिकागोत अशा तीन मोठ्या पेढ्या होत्या: चेस ब्रदर्स, शॉर्टॉल अँड होर्ड आणि जोन्स अँड सेलर्स.

जॉन शॉर्टॉल हा मूळचा डब्लिनचा, वयाने तेहेतीस वर्षांचा. त्याच्या पेढीचे कार्यालय कोर्टहाउससमोरच होते. आग मध्यवस्तीकडे सरकते आहे हे पाहून तो त्या रात्री कार्यालयात पोहोचला. रस्ते पळणाऱ्या माणसांनी आणि सामानाने भरले होते, ठिणग्यांचा पाऊस पडत होता. वह्या न्यायच्या तर गाडी हवी आणि त्या रात्री गाडी मिळणे म्हणजे देव भेटण्यासारखे. रस्त्यातल्या एका मालवाहू गाडीच्या गाडीवानाने नकार दिला, तेव्हा शॉर्टॉलने पिस्तूल काढले. पिस्तुलाच्या धाकावर गाडी थांबली आणि सोबत्यांच्या मदतीने वह्या तिच्यावर चढू लागल्या. समोरचे कोर्टहाउस जळत असतानाच त्याच्या पेढीचे दप्तर दक्षिणेकडे सुरक्षित जागी निघाले. हाच शॉर्टॉल पुढे अनेक वर्षे इलिनॉय ह्युमेन सोसायटीचा अध्यक्ष होता. जनावरांना आणि मुलांना क्रूर वागणुकीपासून वाचवणारी ही संस्था. शिकागोच्या इतिहासात त्याचे नाव राहिले ते मात्र त्या रात्रीमुळे.

दुसऱ्या दोन पेढ्यांनीही जमेल तेवढे वाचवले. कुणाच्या सूच्या वाचल्या, कुणाच्या गोषवाऱ्यांच्या नकला. एकाही पेढीकडे सगळे सलग राहिले नाही. पण तिघींचे उरलेले एकत्र ठेवले, तर जळालेल्या दप्तराचा जवळजवळ पूर्ण माग त्यातून लागत होता.

तेव्हाच्या शिकागोकरांना याचे मोल लगेच कळले. राख निवायच्या आत विल्यम केरफूट या जमिनीच्या दलालाने जळालेल्या भागात लाकडी खोपट उभारून धंदा सुरू केला. बायको, मुले आणि उमेद सोडून सारे गेले, अशा अर्थाची पाटी त्याने बाहेर लावली आणि ती पाटी शहरभर गाजली. पण उमेदीवर घर उभे राहत नाही, कर्ज लागते. आगीच्या दाव्यांखाली कित्येक विमा कंपन्या बुडाल्या होत्या, त्यामुळे पैसा यायचा होता तो पूर्वेकडच्या शहरांतून. तिथला सावकार पहिला प्रश्न विचारणार: जमीन तुमची कशावरून? ज्याच्या घरात मूळ खत होते, त्याचे घरच जळाले होते. ज्याने ते बँकेच्या तिजोरीत ठेवले होते, त्याला निदान आपले खत दाखवता येत होते. पण त्याला ज्याने विकले त्याचे, आणि त्याच्याही आधीच्या माणसाचे? शिवाय दप्तर नाही म्हटल्यावर बनावट खते घेऊन उभे राहणाऱ्यांची भीती होतीच.

इलिनॉयच्या विधिमंडळाने ९ एप्रिल १८७२ रोजी जो कायदा केला, तो ‘बर्न्ट रेकॉर्ड्‌स अ‍ॅक्ट’ म्हणून ओळखला जातो. आगीला सहा महिने उलटले होते. ज्यांच्याकडे मूळ खते होती त्यांना ती पुन्हा नोंदवण्याची सोय त्यात झाली. ज्यांच्याकडे काहीच नव्हते, त्यांना कोर्टात अर्ज करून, हितसंबंधी सगळ्यांना नोटीस देऊन, पुराव्यानिशी आपली मालकी ठरवून घेता येऊ लागली. सर्वांत धाडसी भाग पुराव्याचा होता. आगीआधी धंद्याच्या नेहमीच्या ओघात केलेले गोषवारे, टाचणे आणि उतारे कोर्टात पुरावा म्हणून चालतील, असे कायद्याने म्हटले. कोण्या खासगी कारकुनाने फीसाठी केलेल्या टिपणाला सरकारी दप्तराचा मान मिळाला. आणि तो मिळणे योग्यच होते. ती टिपणे करताना कोणाचा खटला जिंकायचा नव्हता की कोणाची जमीन लाटायची नव्हती, रोजचे काम म्हणून ती झाली होती. म्हणूनच ती विश्वासाची.

त्याच कायद्यात आणखी एक वाट होती. अशा वह्या मालकांकडून विकत घेऊन काउंटीच्या दप्तरात ठेवण्याची तरतूद त्यात होती. पण तिन्ही पेढ्यांच्या वह्या खासगी हातांतच राहिल्या. पेढ्यांनी लवकरच आपले दप्तर एकत्र केले. काउंटीने आगीनंतरच्या व्यवहारांसाठी स्वतःच्या भूखंडवार वह्या ठेवायला सुरुवात केली, पण त्याआधीची चाळीस वर्षे एकाच घराच्या कुलपात गेली. मालक आणि नावे बदलत गेली, वह्या तशाच पुढे सरकत राहिल्या. १९०१ मध्ये ‘शिकागो टायटल अँड ट्रस्ट’ या नावाने मोठी कंपनी उभी राहिली, तिच्या पायाशी याच वह्या होत्या.

तोवर धंद्याचेही रूप बदलले होते. गोषवारा बरोबर असला तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला तर भरपाई कोण देणार, हा प्रश्न फिलाडेल्फियात १८६८ मध्ये ‘वॉटसन विरुद्ध म्यूरहेड’ या खटल्यात आला. कागद तपासणाऱ्याने वकिलाच्या मतावर विसंबून मिळकत निर्वेध असल्याचे सांगितले होते आणि पुढे तिच्यावर बोजे निघाले. त्याने हयगय केली नव्हती, म्हणून तो जबाबदार नाही, असे कोर्ट म्हणाले. खरेदीदाराचे पैसे गेले ते गेले. या निकालानंतर पेनसिल्व्हेनियाने कायदा केला आणि १८७६ मध्ये फिलाडेल्फियात मालकीहक्काचा विमा उतरवणारी पहिली कंपनी निघाली. १८८० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोच्या वह्यांचे वारसदारही याच धंद्यात उतरले. आज कुक काउंटीतल्या शॉम्बर्गसारख्या उपनगरात घर घेणारे मराठी कुटुंब व्यवहाराच्या दिवशी ‘टायटल इन्शुरन्स’चे पैसे भरते, ते याच परंपरेतून. आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्याच्या १६ व्या कलमात विकासकाने असा विमा उतरवावा असे म्हटले आहे.

दुसराही मार्ग होता आणि शिकागोने तो चालून पाहिला. ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ मध्ये वेगळी व्यवस्था आणली होती. सरकारने दस्त नोंदवण्यावर न थांबता मालकीच नोंदवायची, प्रमाणपत्र द्यायचे आणि चूक झाली तर भरपाईही द्यायची. आगीत पोळलेल्या शहराला याचे आकर्षण वाटले तर नवल नाही. इलिनॉयने १८९५ मध्ये तसा कायदा केला. न्यायनिवाड्याचे अधिकार रेकॉर्डरला देता येणार नाहीत, म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुढच्याच वर्षी रद्द केला. १८९७ मध्ये सुधारून पुन्हा केला, तो टिकला. कुक काउंटीत दोन्ही पद्धती शेजारीशेजारी सुमारे शतकभर चालल्या. पण टॉरेन्स ऐच्छिक होती, खर्चाची होती, कार्यालयातला विलंब वाढत गेला आणि विमा कंपन्यांचा जम आधीच बसलेला होता. १९९० च्या दशकात ती बंद झाली. हा प्रयोग आणखी जोमाने व्हायला हवा होता, असे त्याचा इतिहास वाचताना वाटत राहते.

आगीनंतरच्या नव्या वह्यांत काय काय उतरले, तेही पाहिले पाहिजे. रेकॉर्डर कागदाच्या गुणदोषात जात नाही, हे वर आलेच आहे. १९२० च्या दशकात शिकागोच्या दक्षिण भागातल्या गोऱ्या घरमालकांनी एकमेकांशी करार करून ते नोंदवायला सुरुवात केली, की आपली घरे कृष्णवर्णीयांना विकायची नाहीत की भाड्याने द्यायची नाहीत. एकदा नोंद झाली की करार जमिनीबरोबर पुढे जायचा. पुढचा मालकही त्याने बांधला जायचा. वॉशिंग्टन पार्क भागातला १९२८ चा असाच एक करार काउंटीच्या दप्तरात होता. १९३७ मध्ये कार्ल हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने त्या भागात ऱ्होड्स अ‍ॅव्हेन्यूवर घर घेतले. जमाव घरावर चालून आला, भिरकावलेली वीट त्यांच्या सात-आठ वर्षांच्या लोरेन या मुलीला थोडक्यात चुकली. शेजाऱ्यांनी करार दाखवून कुटुंबाला बाहेर काढायला कोर्ट गाठले आणि इलिनॉयच्या कोर्टांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला.

हॅन्सबेरींनी नोंदवहीच उलटी लावून पाहिली. रस्त्यालगतच्या ९५ टक्के मालमत्तेच्या मालकांच्या सह्या झाल्या तरच करार लागू व्हायचा होता. प्रत्यक्षात सह्या होत्या सुमारे ५४ टक्क्यांच्या. आधीच्या एका खटल्यात मात्र ९५ टक्के पूर्ण झाल्याचे दोन्ही बाजूंनी मान्य केले होते आणि तो निकाल हॅन्सबेरींवरही लादला जात होता. नोव्हेंबर १९४० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की ज्या खटल्यात हॅन्सबेरींचे हित कोणी मांडलेच नव्हते, त्याचा निकाल त्यांना बांधू शकत नाही. कुटुंब जिंकले. वंशभेदाचे असे करार कोर्टांनी राबवायचेच नाहीत, हा निकाल यायला १९४८ साल उजाडले. लोरेन हॅन्सबेरी यांनी पुढे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक लिहिले. १९५९ मध्ये ते ब्रॉडवेवर आले आणि एका कृष्णवर्णीय कुटुंबाने गोऱ्या वस्तीत घेतलेले घर हा त्याचा गाभा होता.

करार गेले, तरी दप्तराबाहेर ठेवण्याची दुसरी युक्ती उरली होती. बँका कृष्णवर्णीयांना गहाणकर्ज देत नसत. मग दलाल घर ‘कराराने’ विकत. हप्ते भरायचे, डागडुजी करायची, कर भरायचा, पण खरेदीखत मिळणार ते शेवटचा हप्ता फिटल्यावर. तोवर दप्तरात नाव दलालाचेच. एखादा हप्ता चुकला की घरही जायचे आणि आजवरचे पैसेही. लॉनडेल भागातल्या अशा कुटुंबांनी १९६८ मध्ये ‘कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग’ उभारली, हप्ते रोखून धरले, कोर्टात गेले, आणि अनेकांना आपले करार नव्याने ठरवून मिळाले. खरेदीखत आपल्या नावावर नोंदले जाणे म्हणजे काय, हे त्या लोकांइतके कोणाला कळले असेल?

आता त्या जुन्या वह्यांकडे, कारण त्यांनी एक काम फार उशिरा केले. आग लागली तो गोठा कॅथरीन ओ’लिअरी या आयरिश गवळणीचा. तिच्या गाईने कंदिलाला लाथ मारली आणि शहर जळले, ही कथा आग धुमसत असतानाच पसरली. आपण झोपलो होतो, असे तिने चौकशीत शपथेवर सांगितले. चौकशी मंडळाने कारण निश्चित केलेच नाही, तरी १८९५ मध्ये ती मेली ती हा डाग घेऊनच. गरीब, स्थलांतरित, बाई. दोष चिकटवायला यापेक्षा सोयीचे कोण मिळणार होते?

शंभर वर्षांनंतर रिचर्ड बेल्स या वकिलाने हा विषय हाती घेतला. ते शिकागो टायटलमध्येच नोकरीला होते. आगीतून वाचलेल्या नोंदी हाताशी असल्याने डीकोव्हन स्ट्रीटवरच्या भूखंडांच्या हद्दी, घरांच्या जागा, शेजारचे मालक यांचा त्यांनी मोजून नकाशा काढला. मग चौकशीतल्या जबान्या त्या नकाशावर ठेवून पाहिल्या. आग आपण प्रथम पाहिली असे सांगणारा डॅनियल सलिव्हन हा शेजारी ज्या जागी बसलो होतो म्हणत होता, तिथून गोठा दिसणे मधल्या घरांमुळे शक्य नव्हते. आग त्याच्याच हातून लागली असावी, असे बेल्स यांचे मत झाले. त्यावर मतभेद असू शकतात. पण १९९७ मध्ये शिकागोच्या नगरपरिषदेने ठराव करून ओ’लिअरीला आणि तिच्या गाईला दोषमुक्त केले, त्यामागे बेल्स यांच्या अभ्यासाचा मोठा आधार होता. पिस्तुलाच्या धाकावर वाचवलेल्या वह्यांच्या घराण्यातूनच एका गवळणीला न्याय मिळाला, ही या कहाणीतली सर्वांत समाधानाची गोष्ट आहे.

दप्तरे जळण्याचे प्रकार तिथे थांबले नाहीत. १८८४ मध्ये सिनसिनाटीत दंगलखोरांनी कोर्टहाउस पेटवले. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीने सॅन फ्रान्सिस्कोत मालकी ठरवण्यासाठी शिकागोसारखाच खास कायदा करायची वेळ आणली. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत हजारो फायली गेल्या, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. आज दस्ताच्या प्रती संगणकावर असतात आणि एका जागेच्या आगीने सगळे जात नाही. पण त्या प्रती कोणाच्या ताब्यात आहेत, त्या पाहायला कोणाची परवानगी लागते, हा शिकागोचा प्रश्न जुना झालेला नाही. आपल्या नोंदणी कायद्याचे ५७ वे कलम मिळकतीच्या दस्तांची वही फी भरून कोणालाही पाहू देते. मिळकतीशी तुमचा संबंध काय, असे विचारत नाही. हा हक्क फार मोलाचा आहे. घर घेताना वकिलावर सोपवून मोकळे न होता तो स्वतः एकदा तरी बजावावा.

शिकागोत त्या हक्काला खिंडार पडले ते कायमचे. मतदारांनी २०१६ मध्ये दिलेल्या कौलानुसार डिसेंबर २०२० मध्ये कुक काउंटीचे रेकॉर्डर कार्यालय काउंटी क्लर्कच्या कार्यालयात विलीन झाले. पण तिथले दस्त सुरू होतात ते ऑक्टोबर १८७१ पासूनच. त्याआधीच्या शिकागोतल्या एखाद्या भूखंडाचा माग हवा असेल, तर संशोधकाला खासगी कंपनीकडेच अर्ज करावा लागतो. १८७२ च्या कायद्याने दाखवलेली वाट घेऊन काउंटीने त्या वह्या तेव्हाच विकत घ्यायला हव्या होत्या.